फुकटचं दार आणि तिकिटाचं दार

‘रमजानमध्ये कोणी सहलीला जातं का?’ हा प्रश्न मला गेल्या महिन्याभरात किमान वीस जणांनी विचारला. मोहल्ल्यातल्या बुजुर्गांनी काळजीनं विचारला, थोरल्या बहिणीनं रागानं विचारला आणि तिकिटं काढून देणाऱ्या एजंटानं आश्चर्यानं विचारला. उत्तर अगदी साधं होतं. मी आणि माझा शाळेपासूनचा मित्र, दोघंही आता निवृत्त. तो बँकेतून, मी शाळेतून. बायकांना घेऊन एकदा परदेश बघायचा, हे दहा वर्षं नुसतं बोलणं चाललं होतं. मे महिन्यात नातवंडं येणार, एप्रिलमध्ये निवडणूक, २४ मार्चला मित्राच्या घरची होळी. उरला त्याआधीचा आठवडा, आणि विमानाचं तिकीटही त्याच आठवड्यात स्वस्त होतं. असं करत १८ ते २२ मार्च, चार रात्रींसाठी आम्ही चौघं इस्तंबूलला जाऊन आलो.

सहलीची वर्णनं आपल्याकडे खूप येतात. काय खाल्लं, काय विकत घेतलं, कुठं फोटो काढला. तशी यादी मीही देऊ शकतो. पण या सहलीत एका दारापाशी मला जरा थांबावं लागलं. तिथं जे लक्षात आलं, ते रमजानच्या या पानावर लिहिण्यासारखं वाटतं.

मुसाफिराची सवलत

आधी रोजाचं सांगतो, कारण ते सगळ्यांनी विचारलं. प्रवासात असलेल्या माणसाला, म्हणजे मुसाफिराला, रोजा न धरण्याची सवलत आहे. राहिलेला रोजा पुढं सवडीनं धरून भरून काढायचा, त्याला आम्ही कजा म्हणतो. चार रकातींची फर्ज नमाजही प्रवासात दोन रकातींची होते. घराबाहेर पडलेला माणूस अवघडलेला असतो, हे धर्मानं आधीच समजून घेतलं आहे. आम्ही दोघांनी जाण्या-येण्याच्या दिवशी रोजे सोडले आणि मधले तीन धरले. दोन कजा डोक्यावर आहेत.

त्यातही एक गंमत झाली. २०२४ मध्ये आपल्याकडे रमजान १२ मार्चला सुरू झाला, तुर्कस्तानात ११ मार्चला. मुंबईत विमानात बसलो तेव्हा सातवा रोजा होता, सात तासांनी उतरलो तर शहरात आठवा चालला होता. मित्राला हे सांगितलं तर तो म्हणाला, ‘आमची पंचांगं भांडतात तेव्हा तू हसतोस. आता बोल.’

मित्रानं मोबाइलवरचे व्हिडिओ बघून सतरा ठिकाणांची यादी केली होती. तीन पूर्ण दिवस आणि सतरा ठिकाणं. पहिल्याच दिवशी कळलं की हे जमणार नाही. रोजाच्या पोटी दुपारी दोननंतर पाय जड होतात. मग मी आणि माझी पत्नी कुठल्या तरी मशिदीच्या अंगणात, नाहीतर बागेतल्या बाकावर बसून राहायचो. मित्र आणि वहिनी समोर काचेच्या छोट्या पेल्यातून बिनदुधाचा चहा घेत बसायचे. यादीतली नऊ ठिकाणं गळाली. पण बसल्या बसल्या जे दिसलं, ते यादीत नव्हतंच. एका आजीबाईंनी मांजरांसाठी घरून आणलेलं खाणं, शाळा सुटल्यावर मशिदीच्या अंगणात खेळणारी पोरं, इफ्तारच्या तासभर आधी बेकरीसमोर लागणारी रांग. रमजानमध्ये तिथं एक खास गोल, मऊ पाव भाजतात. त्याला पिदे म्हणतात. लोक गरमगरम पिदे कागदात गुंडाळून, छातीशी धरून घरी नेतात.

आणखी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. भर दुपारी उपाहारगृहं उघडी होती. कोणी जेवत होतं, कोणी रोजात होतं. जेवणारा ओशाळलेला नव्हता आणि रोजेदार त्याच्याकडे डोळे वटारत नव्हता. रोजा माझा आहे, त्याचं ओझं समोरच्यानं का वाहायचं? आपल्याकडे कधी कधी रोजेदारालाच राग लवकर येतो. तो उपाशी असतो म्हणून नव्हे, आपण उपाशी आहोत हे इतरांनी ओळखावं असं त्याला वाटतं म्हणून. हे मी स्वतःवरून सांगतोय.

परकं वाटेना असं शहर

इस्तंबूल हे दीड कोटीहून अधिक वस्तीचं शहर. बॉस्फरसची सामुद्रधुनी त्याच्या मधून जाते, त्यामुळे शहराचा एक भाग युरोपात, दुसरा आशियात. भाषेचं एक अक्षर कळत नव्हतं, तरी कान अधूनमधून टवकारायचे. मैदानाला ते ‘मेयदान’ म्हणतात, दुकानाला ‘दुक्कान’, हवेला ‘हवा’, साबणाला ‘साबून’. फारसी आणि अरबी शब्दांनी एकीकडे तुर्की भाषेत घर केलं, दुसरीकडे मराठीत. आपण भारतातले आहोत हे सांगायला ‘हिंदिस्तान’ एवढं म्हटलं की पुरतं. रस्तोरस्ती ३१ मार्चच्या स्थानिक निवडणुकांचे फलक, उमेदवारांचे हसरे चेहरे आणि कर्णे लावून फिरणाऱ्या गाड्या. वहिनी म्हणाल्या, ‘एवढ्या लांब येऊन इथंही तेच?’

सोमवारी संध्याकाळी आम्ही सुलतान अहमद चौकात पोहोचलो. एका बाजूला सुलतान अहमद मशीद, तिला प्रवासी निळी मशीद म्हणतात. समोर आया सोफिया. मधल्या मोकळ्या जागेत शेकडो कुटुंबं चटया पसरून, डबे उघडून बसलेली. थंडी चांगलीच होती. सव्वासातच्या सुमारास मगरीबची अजान झाली. निळ्या मशिदीतून एक ओळ, मग आया सोफियातून ती पुढं नेणारी दुसरी, असे दोन मुअज्जिन जणू एकमेकांना साद घालत होते. शेजारच्या चटईवरच्या बाईंनी काही न विचारता खजूर आणि पिदेचा तुकडा आमच्या चौघांच्या हातात ठेवला. यातला रोजेदार कोण, हे त्यांनी विचारलं नाही. त्या दिवशी चौघांपैकी कोणीच नव्हतं.

अंधार पडल्यावर मिनारांच्या मध्ये दिव्यांची अक्षरं उजळली. दोन मिनारांमध्ये दोर ताणून त्यावर दिव्यांनी रमजानचा संदेश लिहायचा, ही तिथली काही शतकांची रीत. तिला माह्या म्हणतात. पूर्वी तेलाचे दिवे असत, आता विजेचे आहेत. पहाटे सहरीच्या आधी ढोल वाजवत गल्लीतून माणूस गेला. माझ्या लहानपणी आमच्या गावातही सहरीला उठवत फिरणारे लोक होते. तो आवाज चाळीस वर्षांनी परक्या गावात ऐकला.

मित्र पहिल्यांदा मशिदीत आला

मंगळवारी सकाळी आम्ही निळ्या मशिदीत गेलो. १६०९ ते १६१६ या काळात सुलतान पहिला अहमद यानं ती बांधून घेतली. सहा मिनार आणि आत इझनिक गावच्या वीस हजारांहून अधिक रंगीत फरशा. नमाजाच्या वेळा सोडून कोणीही आत जाऊ शकतं, तिकीट नाही. चपला काढायच्या, बायकांनी डोकं झाकायचं, एवढंच. वहिनींनी शाल डोक्यावरून घेतली. मित्र आत आला, मान वर करून बराच वेळ बघत राहिला, आणि मग हळूच मला विचारलं, ‘समोर काहीच नाही, तर नमाज पढताना बघता कुठं?’

मी म्हटलं, ‘जिथं कपाळ टेकायचं असतं, त्या जागेकडे.’

उत्तर दिलं आणि एकदम लक्षात आलं. आमची दोस्ती पंचावन्न वर्षांची. माझ्या लग्नात तो वाढपी होता, त्याच्या वडिलांना खांदा द्यायला मी होतो. ईदचा शीरखुर्मा आणि दिवाळीचा फराळ कधी चुकला नाही. पण आमच्या गावातल्या जामा मशिदीत तो आजवर कधी आला नव्हता. कोणी त्याला अडवलं नव्हतं, पण कोणी बोलावलंही नव्हतं. मीसुद्धा नाही. माझ्या मित्रानं मशीद आतून पाहिली ती घरापासून सात तास विमानानं लांब, एका परक्या शहरात.

दोन दारं

तिथून चौक ओलांडला की आया सोफिया. या वास्तूचा इतिहास थोडक्यात सांगायला हवा. बायझंटाइन सम्राट जस्टिनियन यानं ५३२ ते ५३७ या अवघ्या पाच वर्षांत हे चर्च बांधून घेतलं. घुमटाचा व्यास सुमारे ३१ मीटर, जमिनीपासून उंची सुमारे ५५ मीटर. घुमटाच्या तळाशी चाळीस खिडक्या आहेत. त्यांतून उजेड आला की एवढा मोठा घुमट हवेत तरंगतोय असं वाटतं. सुमारे हजार वर्षं हे जगातलं सगळ्यात मोठं कॅथेड्रल होतं. १२०४ मध्ये धर्मयुद्धाला निघालेल्या ख्रिस्ती फौजांनीच ते लुटलं. १४५३ मध्ये सुलतान दुसरा मेहमद यानं शहर जिंकलं आणि चर्चची मशीद झाली. १९३४ मध्ये तुर्की प्रजासत्ताकाच्या मंत्रिमंडळानं तिथं संग्रहालय करायचं ठरवलं आणि १९३५ पासून ते सगळ्यांसाठी खुलं झालं. जुलै २०२० मध्ये तिथल्या न्यायालयानं तो जुना निर्णय रद्द केला. आया सोफिया पुन्हा मशीद झाली आणि २४ जुलैला तिथं जुम्माची नमाज झाली.

२०२४ च्या जानेवारीपासून तिथं दोन दारं झाली. नमाजासाठी येणाऱ्यांनी चौकाच्या बाजूनं तळमजल्यावर जायचं, तिथं पैसे नाहीत. परदेशी प्रवाशांनी तोपकापी राजवाड्याच्या बाजूनं वरच्या सज्जात जायचं, तिथं तेव्हा २५ युरोचं तिकीट होतं. म्हणजे तेव्हाचे आपले साधारण सव्वादोन हजार रुपये.

आम्ही चौघं चौकात उभे राहिलो. आमच्यासाठी दोन्ही दारं उघडी होती, मित्रासाठी एकच. पत्नी म्हणाली, ‘मी खाली जाते, दोन रकात नफिल पढते. तुम्ही तुमचं बघा.’ तिचा निर्णय झाला होता आणि तो बरोबर होता. ती नमाजालाच आली होती. मी मात्र घुटमळलो. खरं सांगायचं तर मनात पहिला विचार सव्वादोन हजारांचा आला. दुसरा आला, की एवढ्या लांब येऊन या दोघांना तिकिटाच्या रांगेत सोडून मी ‘आपल्या’ दारानं जायचं? मित्र म्हणाला, ‘जा रे, आम्ही काय हरवतोय का?’ तो मनापासून म्हणाला होता. पण मी तिकीट काढलं.

वरच्या सज्जाला जायला पायऱ्या कमी आणि दगडी उतरणीच जास्त. दमायला झालं. पण वर गेल्यावर जे पाहिलं, ते खालच्या दारानं गेलो असतो तर दिसलं नसतं. दक्षिणेकडच्या सज्जात भिंतीवर तेराव्या शतकातलं एक मोझेक आहे. रंगीत आणि सोनेरी काचेचे बारीक तुकडे जोडून केलेलं चित्र. खालचा बराचसा भाग नष्ट झालाय, तिघांचे चेहरे मात्र शाबूत. मध्ये येशू, एका बाजूला मेरी, दुसऱ्या बाजूला बाप्तिस्मा देणारा जॉन. दोघंही माणसांसाठी दयेची याचना करताहेत.

मित्रानं विचारलं, ‘हे कोण?’ आणि माझ्या तोंडून सवयीनं आलं, ‘हजरत ईसा अलैहिस्सलाम, हजरत मरियम, हजरत यह्या अलैहिस्सलाम.’ हे तिघंही आमचे आहेत. ईसा आणि यह्या आमच्याकडे पैगंबर मानले जातात, आणि मरियमच्या नावाचा एक अख्खा अध्याय कुरआनात आहे. लहानपणापासून ज्यांची नावं अदबीनं घेतली, ते मला भेटले ते तिकिटाच्या दारानं. आम्ही प्रतिमा पूजत नाही, तिच्यासमोर नमाज पढत नाही, हे खरंच. पण बघायला कोणी मनाई केलीय? तिथं किती तरी वेळ उभा राहिलो.

जवळच संगमरवरी कठड्यावर काही ओरखडे आहेत, काच लावून जपलेले. हजारेक वर्षांपूर्वी उत्तरेकडून आलेल्या कुण्या वायकिंग शिपायानं आपलं नाव कोरून ठेवलंय. त्यातलं ‘हाल्फदान’ एवढं वाचता येतं. वहिनी म्हणाल्या, ‘म्हणजे किल्ल्यावर नाव कोरणारे तेव्हाही होते.’ सज्जातून खाली बघितलं तर हिरवट गालिच्यावर लोक बसलेले. कोणी कुरआन वाचत होतं, कोणी दुआ मागत होतं, एक लहान मूल लोळत होतं. समोर घुमटाखाली अल्लाह, मुहम्मद आणि खलिफांची नावं लिहिलेल्या प्रचंड गोल चकत्या. किब्ल्याच्या बाजूची मरियमची प्रतिमा मात्र पडद्याआड.

जे बोलायचं राहिलं होतं

आता ती गोष्ट सांगतो, जिच्यासाठी हा लेख लिहायला घेतला. जुलै २०२० मध्ये, लॉकडाऊनच्या दिवसांत, आया सोफियाची बातमी आली तेव्हा आमच्या व्हॉट्सॲप गटांवर आनंदाचा पूर आला होता. ‘आपलं आपल्याला परत मिळालं’ असा एक निरोप, घुमटाचा फोटो, खाली मुबारकबाद. मी तो पुढं पाठवला आणि दिवसभर स्टेटसलाही ठेवला. या वास्तूचं मला तोवर नाव सोडून काही माहीत नव्हतं. ती पाच वर्षांत बांधली, नऊशे वर्षं चर्च होती, यातलं काहीही नाही.

सज्जात उभं असताना मला ते आठवलं. मी मित्राला म्हटलं, ‘तेव्हा मी स्टेटस ठेवलं होतं, तू बघितलं होतंस का?’

‘बघितलं होतं.’

‘मग बोलला का नाहीस?’

तो कठड्यावर हात ठेवून खाली बघत होता. म्हणाला, ‘तुझं काढलं असतं तर माझेही स्टेटस काढावे लागले असते.’

यापुढं आम्ही बोललो नाही. गरजही नव्हती. पण लेख लिहितोय तर मला जे वाटतं ते सरळ लिहायला हवं. मला १९३४ चा निर्णय मोठ्या मनाचा वाटतो. जिंकलेली वास्तू एका समाजानं आपणहून सगळ्या जगासाठी मोकळी केली, असं इतिहासात फार वेळा घडत नाही. २०२० मध्ये तिथं नमाज पढताना ज्यांचे डोळे भरून आले, त्यांच्या श्रद्धेला मी नावं ठेवत नाही. माझी पत्नी खालून आली तेव्हा तिचेही डोळे ओले होते. पण प्रश्न त्यांच्या अश्रूंचा नाही, माझ्या टाळ्यांचा आहे.

आपल्या देशात जुन्या वास्तूंचे वाद निघतात तेव्हा माझ्यासारखे लोक काय म्हणतात? इतिहासाचे हिशेब आता उकरू नका, जे जसं आहे तसं राहू द्या. १९९१ चा कायदाही, अयोध्या वगळता, हेच सांगतो की १५ ऑगस्ट १९४७ ला ज्या प्रार्थनास्थळाचं जे स्वरूप होतं, तेच राहावं. हे मला पटतं. मग हाच न्याय हजारो किलोमीटरवर लागू होत नाही का? इथं एक माप आणि तिथं दुसरं, असं करणाऱ्याच्या तराजूवर उद्या कोण विश्वास ठेवेल? साक्ष स्वतःच्या किंवा आपल्या माणसांच्या विरुद्ध जात असली तरी न्यायानंच द्या, ही कुरआनाची शिकवण आम्ही मुलांना सांगतो. स्टेटस ठेवताना ती मला आठवली नव्हती.

काही वाचक म्हणतील, ‘हे फक्त तुम्ही कशाला कबूल करायचं? त्या बाजूचं काय?’ त्या बाजूचं त्या बाजूनं बघावं. माझा मित्र एका वाक्यात त्याचं बोलून मोकळा झाला. रोजा ज्याचा त्यालाच धरावा लागतो, दुसऱ्याला धरायला लावून आपल्याला सवाब मिळत नाही.

खजूर दोघांनाही चालतो

बुधवारी २० मार्चला एकादशी होती. वहिनी कधी एकादशी मोडत नाहीत, त्यांनी ती इस्तंबूलमध्येही मोडली नाही. म्हणजे त्या दिवशी चौघांपैकी तिघं उपाशी आणि मित्र एकटा खाणारा. रस्त्यावर भाजलेले चेस्टनट विकत होते. ते उपवासाला चालतात का, यावर गावाकडे फोन झाला आणि निकाल लागेपर्यंत ते गार झाले.

सकाळी तोपकापी राजवाडा पाहिला. तो मंगळवारी बंद असतो, जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. संध्याकाळी एमिनोनूच्या धक्क्यावरून उस्कुदारला जाणारी बोट धरली. ही प्रवाशांसाठीची खास सफर नाही, नोकरदारांची रोजची बोट आहे. वीसेक मिनिटांत युरोपातून आशियात. भाडं तेव्हा आपल्या शहरबसच्या जवळपास होतं. सहलीत काही कमी करायचं झालं तर दुसरं काहीही करा, ही बोट सोडू नका. बोटीतून दूरवर दोल्माबाहचे राजवाडा दिसतो. मार्च १९२४ मध्ये खिलाफत बरखास्त झाली आणि शेवटचे खलिफा अब्दुलमजीद यांना हे शहर सोडावं लागलं. त्याच खिलाफतीसाठी आपल्याकडे गांधीजींच्या पाठिंब्यानं हिंदू-मुसलमान एकत्र रस्त्यावर उतरले होते. आणि त्याच खलिफांची मुलगी दुर्रुशेहवार १९३१ मध्ये हैदराबादच्या निजामाची थोरली सून झाली. आम्ही मराठवाड्याची माणसं, निजामाची रयत होतो. मित्र म्हणाला, ‘म्हणजे हे आपल्या जुन्या सरकारचं सोयरंच की.’

सूर्य बुडाला तेव्हा बोट मधोमध होती. दोन्ही काठांवरून अजान आली, एक युरोपातून, एक आशियातून. पत्नीनं पिशवीतून खजुराची पुडी काढली. मी आणि तिनं खजुरानं रोजा सोडला. वहिनींनी हात पुढं केला आणि म्हणाल्या, ‘मलाही द्या, एकादशीला खजूर चालतो.’ चौघांनी एकाच पुडीतले खजूर खाल्ले. शेजारच्या तुर्की माणसाला आम्ही पुडी पुढं केली, त्यानं आम्हाला पाण्याची बाटली दिली.

गुरुवारी सुलेमानिया मशीद पाहिली, १५५७ मध्ये पूर्ण झालेली. तिचा वास्तुकार मिमार सिनान जन्मानं ख्रिस्ती घरातला. शेकडो वास्तू बांधलेल्या या माणसाची स्वतःची कबर मशिदीच्या आवाराबाहेर कोपऱ्यावर आहे, लहानशी. आया सोफियाच्या भिंती कलू लागल्या तेव्हा त्यानंच तिला बाहेरून भक्कम आधार दिले. तिच्याकडून तो शिकला आणि तिला सांभाळलंही. आधीच्या लोकांची वास्तू हाती आली तर काय करावं, याचा याहून चांगला धडा मला त्या शहरात दिसला नाही.

परत आल्यावर

लोक विचारतात, चार दिवसांत काय बघून होणार? खरंच, शहर बघून होत नाही. चार दिवसांत फक्त पाहुणा होता येतं, आणि पाहुणा होणं ही काही छोटी गोष्ट नाही. पाहुणा घरात मालकी सांगत नाही. जे दाखवतील ते बघतो, जे देतील ते खातो, चपला दाराशी काढतो. परक्या शहरात ‘हे आमचं’ म्हणून फिरणाऱ्याला निम्मंच दिसतं. मी फुकटच्या दारानं गेलो असतो तर नमाज पढून, फोटो काढून, समाधानानं परत आलो असतो. मरियमला न भेटता आणि मित्राशी न बोलता. गुरुवारी रात्री खालच्या दारानं जाऊन मी इशा आणि तरावीह पढलो. मान वर करून सज्जाकडे पाहिलं. आता वर काय आहे ते मला माहीत होतं. त्या नमाजाला जास्त मन लागलं.

गेल्या रविवारी असर आणि मगरीबच्या मधल्या वेळात मी मित्राला आमच्या जामा मशिदीत बोलावलं. तो आणि वहिनी आल्या. इमामसाहेबांनी हौज दाखवला, जुनं लाकडी मिंबर दाखवलं, भिंतीवरचा फारसी शिलालेख वाचून दाखवला. मोहल्ल्यातले चार जण कुतूहलानं बघत होते, नंतर तेही गप्पांत आले. जाताना वहिनी म्हणाल्या, ‘१७ एप्रिलला रामनवमी आहे. आमच्या मंदिराच्या सभामंडपाचे खांब शिसवी आहेत, तुम्ही कधी आतून बघितलेच नाहीत.’

नाही बघितले. घरापासून तीनशे पावलांवर आहेत. ईद झाली की जाणार आहे.